फाळक्यांच्या आगकाड्या : यंदा ३० एप्रिलला हार घालण्याऐवजी हे करूया का?

गंगापूररोडी (११ एप्रिल, रात्री १०:२०)

नमस्कार मंडळी,

३० एप्रिल जवळ आला. दादासाहेब फाळक्यांची जयंती. १८७० साली आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मले आणि १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशकातच गेले, म्हणजे दोन्ही टोकं आपल्याच तालुक्यांत. पण आपण करतो काय, तर फोटोला हार, 'भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक' असं एक वाक्य, मग अध्यक्षांचं भाषण ज्यात अध्यक्ष स्वतःच्याच शाळेतल्या आठवणी सांगतात, चहा-बिस्किट, झालं. आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी हेच झालं आणि पोरं मागच्या खुर्च्यांवर मोबाईल बघत बसली होती. त्यांची काही चूक नाही.

मला वाटतं आपण फाळक्यांना चुकीच्या खात्यात टाकलंय. 'जनक', 'महर्षी' म्हटलं की माणूस पुतळाच होतो. हा माणूस मुळात ट्रिकवाला होता, हाताने उद्योग करणारा. १९१५ च्या आसपास त्यांनी 'आगकाड्यांची मौज' नावाची छोटी फिल्म केली, त्यात काडेपेटीतल्या काड्या आपल्या आपण हलतात. काडी सरकवायची, एक फ्रेम घ्यायची, परत सरकवायची, परत एक फ्रेम. आजच्या भाषेत स्टॉप मोशन. 'लक्ष्मीचा गालिचा', 'विचित्र शिल्प' ही त्याच काळातली नावं. महायुद्ध चालू होतं, कच्ची फिल्म मिळायची मारामार, भांडवलाचीही बोंब, मोठा चित्रपट काढणं अवघड, तर गडी काड्या घेऊन बसला.

तर डोक्यात असं आहे की यंदा सोसायटीतल्या पोरांकडून काड्यांची फिल्म करून घ्यायची, मोबाईलवर. कोणी असलं काही केलंय का? किती वेळ लागतो, काय फसतं? आणि फाळक्यांना आपल्याकडचा पहिला अॅनिमेटर, पहिला व्हीएफएक्सवाला (म्हणजे पडद्यावरच्या दृश्य-करामती करणारा) म्हणावं की नाही, तुमचं मत काय?

---

चिवडापुडा (११ एप्रिल, रात्री १०:३१)

पयला! वाचनखूण साठवली, उद्या वाचतो.

---

खवचट_खानदेशी (११ एप्रिल, रात्री १०:४८)

लहान मुलांच्या हातात काडेपेट्या देण्याची कल्पना आवडली. पुढच्या वर्षी फाळक्यांचाच 'लंका दहन' करा.

---

मखमलाबादी (११ एप्रिल, रात्री ११:०५)

@खवचट 😂

सिरियसली, लेख आवडला. एक भर घालतो. फाळके हौशी नाही तर चांगले जादूगार होते, आणि स्टेजवरचं नाव घेतलं होतं 'प्रोफेसर केळफा'. फाळके उलटं वाचा. त्या नावावरून त्यांनी जादूच्या प्रयोगांची फिल्मही काढली होती. म्हणजे सिनेमात आलेला जादूगार, तिकडे फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस होता तसाच.

---

चिवडापुडा (११ एप्रिल, रात्री ११:०९)

मी माझं आडनाव उलटं वाचून बघितलं. शिवी झाली. जादूगार होणं कॅन्सल.

---

पुरावा_कुठाय (१२ एप्रिल, सकाळी ७:५०)

रंगाचा बेरंग करतो, माफ करा.

'आगकाड्यांची मौज'ची प्रिंट आज कुठेही नाही. तुम्ही बघितली नाही, मी बघितली नाही. त्यात काड्या किती नि कशा हलल्या हे कोणाच्या तरी लिहिण्यावरून आपण बोलतोय. न बघितलेल्या फिल्मवरून 'पहिला' वगैरे पदव्या वाटू नयेत. शिवाय कल्पनाही काही नवी नव्हती, एमिल कोल या फ्रेंच माणसाने १९०८ मध्येच काड्यांचं अॅनिमेशन केलं होतं. आणि व्हीएफएक्स हा शब्द तर शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला चिकटवूच नका. आपल्याकडे प्रत्येक गोष्ट आपल्यानेच पहिली केली असं म्हणायची खोड आहे, पुष्पक विमानापासून.

---

फ्रेमबायफ्रेम (१२ एप्रिल, दुपारी १:३०)

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय म्हणून तुटक होईल. मी व्हीएफएक्सच्याच धंद्यात आहे, अकरा वर्षं, आधी पुण्यात, आता नाशकात घरून काम.

@पुरावा_कुठाय, काड्यांच्या बाबतीत तुमचं बरोबर, 'पहिला' वर मीही भांडणार नाही. पण ट्रिक फोटोग्राफीसाठी ऐकीव गोष्टींची गरजच नाही, ती बघायला मिळते. जे तुकडे वाचलेत ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत, तिथले संस्थापक पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या घरच्यांकडून मिळवून जपलेले, आणि नेटवरही सापडतात. 'श्रीकृष्ण जन्म' (१९१८) मधला कंस बघा. त्याचं मुंडकं धडापासून सुटून वर जातं आणि परत येऊन बसतं. 'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये पाण्याखालची मारामारी आहे, कृष्ण झालीये त्यांची स्वतःची मुलगी मंदाकिनी, आणि त्या फिल्मच्या सुरुवातीला तिचे नुसते चेहऱ्याचे हावभाव दाखवलेत, मग तीच पोरगी कृष्ण होते. म्हणजे 'बघा, ही माझी मुलगी, आता हिचा कृष्ण करतो' असं सांगून जादू केलीये. आधी बाह्या वर करून रिकामे हात दाखवायचे आणि मग कबूतर काढायचं, ही जादूगाराचीच सवय.

आता हे करायचं कसं ते सांगतो म्हणजे किंमत कळेल. त्या काळी जोडकाम नंतर करायची सोय जवळपास नाहीच, बहुतेक सगळं कॅमेऱ्याच्या पोटात. लेन्सचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकायचा, शूट करायचं, हँडलचे फेरे तोंडाने मोजायचे, मग अंधारात फिल्म तेवढीच मागे गुंडाळायची, पुठ्ठा दुसऱ्या बाजूला लावायचा आणि परत शूट. मधे कोणी शिंकलं नि आकडा चुकला तर आधीचंही गेलं. कंट्रोल झेड नाही. आणि निगेटिव्ह धुऊन हातात येईपर्यंत काय झालंय ते कळत नाही. मी दिवसाला पन्नास वेळा कंट्रोल झेड दाबतो. हे काम व्हीएफएक्स नाही तर काय आहे, नाव नंतर आलं एवढंच.

---

आज्जीबाई_पंचवटी (१२ एप्रिल, दुपारी ४:१५)

बाळांनो, सगळे फाळके फाळके करताय, त्यांच्या बायको सरस्वतीबाई कुठे आहेत? तेव्हा कच्ची फिल्म भोकं न पाडलेली यायची. ती कडेची भोकं अंधाऱ्या खोलीत मशीनवर पाडायचं काम त्या करत. फिल्म धुणं, रसायनं कालवणं त्या शिकल्या. उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत, उजेड परतवायला. आणि वर अख्ख्या ताफ्याचा स्वयंपाक. दागिने गहाण पडले ते कोणाचे? ट्रिक सीन तुम्हाला दिसतो हो, पण फिल्मचं एक भोक इकडेतिकडे झालं असतं तर त्या कंसाचं मुंडकं कुठल्या कुठे गेलं असतं.

मी निवृत्त शिक्षिका, त्यामुळे चुका काढायची सवय आहे, रागावू नका.

---

गंगापूररोडी (१२ एप्रिल, सायंकाळी ६:०२)

काकू, चूक मान्य. पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. कार्यक्रमात तुम्ही सांगाल का हे? गाडी पाठवतो.

---

खवचट_खानदेशी (१२ एप्रिल, सायंकाळी ६:२०)

पंचवटीतून गंगापूर रोडला गाडी? सिंहस्थाच्या कामांना खोदलेल्या रस्त्यांतून? आजीबाई जयंतीला निघतील, पुण्यतिथीला पोचतील.

---

नाशिकचा_पणतू (१२ एप्रिल, रात्री ९:१२)

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की पणजोबा 'लंका दहन'मध्ये वानर होते. शेपूट लावून गोदावरीच्या काठी पळाले होते म्हणे.

---

मखमलाबादी (१२ एप्रिल, रात्री ९:२०)

भावा, प्रत्येक जुन्या नाशिककराचे पणजोबा त्या वानरसेनेत होते. सगळे मोजले तर खरोखर सेतू झाला असता.

---

नाशिकचा_पणतू (१२ एप्रिल, रात्री ९:२२)

😐

---

चिवडापुडा (१२ एप्रिल, रात्री ९:४०)

त्याच 'लंका दहन'मध्ये (१९१७) राम आणि सीता दोन्ही एकाच माणसाने केलेत, अण्णा साळुंके. त्यामुळे सीतेला रामाची खूण पटायला अंगठी का लागली हा प्रश्नच आहे.

(आणि मिसळ कुठली चांगली यावर धागा नेण्याचा मोह मी आवरतोय याची नोंद घ्यावी.)

---

गणिताचा_तास (१३ एप्रिल, सकाळी ८:३५)

काड्यांच्या आधीची गोष्ट कोणीच काढली नाही. 'अंकुराची वाढ', १९१२. लंडनहून कॅमेऱ्याची ऑर्डर देऊन आले, आता पैसे लावणारा हवा, तर कुंडीत वाटाणे लावले आणि रोज थोडं थोडं शूट करून वेल वाढताना दाखवला. ते बघून सावकार पाघळला. ही आपल्याकडची टाइमलॅप्स.

पण सगळीकडे छापलेलं असतं की 'रोज एक फ्रेम, महिनाभर, आणि मिनिटभराची फिल्म'. हे कोणी कधी मोजलंय का? मूकपट साधारण सेकंदाला १६ फ्रेमनी धावायचा. म्हणजे मिनिटाला ९६० फ्रेम. रोज एक घेतली तर महिन्याच्या ३०, दोन सेकंदसुद्धा नाही. वाटाणा उगवायच्या आत फिल्म संपली! मिनिटभर हवं तर रोज ३२ फ्रेम पाहिजेत. एकाने चुकीचं लिहिलं आणि बाकीच्यांनी उतरवून काढलं.

---

फ्रेमबायफ्रेम (१३ एप्रिल, सकाळी ९:१०)

वा! इतकी वर्षं या धंद्यात, मी कधी मोजलं नव्हतं. लाज वाटली.

एक अंदाज, फक्त अंदाज. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात साधारण एका फेऱ्याला आठ फ्रेम जायच्या (काही कॅमेऱ्यांत ट्रिकसाठी एका फेऱ्याला एकच, अशी वेगळी सोय असे). रोज चार फेरे फिरवले तर झाल्या की ३२.

---

गणिताचा_तास (१३ एप्रिल, सकाळी ९:१८)

आकडा बसतो पण वेल धक्के खात वाढेल, दोन सेकंद गप्प, मग एकदम उडी. दिवसभरात थोड्या थोड्या वेळाने एकेक घेतली असेल तरच सरसर चढताना दिसेल. म्हणजे माणूस महिनाभर कुंडीशेजारीच बसून.

---

आज्जीबाई_पंचवटी (१३ एप्रिल, सकाळी ९:५५)

किंवा बायको.

---

सातपूरकर (१३ एप्रिल, रात्री ११:३०)

वेगळा सूर लावतो. हे सगळं कौतुक ठीक, पण आज या कामाची आपल्याकडे काय किंमत आहे? माझा भाऊ एका कंपनीत (नाव सांगत नाही) रोटो करायचा, म्हणजे परदेशी सिनेमातल्या हिरोच्या केसांच्या कडा फ्रेम फ्रेम करत कापत बसायचं, रात्र रात्र. सिनेमा आला की आम्ही सगळे थेटरात शेवटची नामावली संपेपर्यंत बसायचो, सफाईवाला झाडू घेऊन उभा, आणि भावाचं नाव नाहीच. तीनदा असं झालं. मग त्याने नोकरी सोडली, आता द्राक्षाच्या एक्स्पोर्टमध्ये आहे, मजेत आहे. त्याला विचारलं तर म्हणतो द्राक्षाच्या पेटीवर निदान माझा कोड नंबर असतो.

---

फ्रेमबायफ्रेम (१४ एप्रिल, दुपारी १:२५)

@सातपूरकर, माझंही नाव अकरा वर्षांत मोजून दोनदा आलंय. एकदा स्पेलिंग चुकीचं. आईने तरी स्क्रीनशॉट फ्रेम करून लावलाय.

---

पुरावा_कुठाय (१४ एप्रिल, रात्री १०:००)

काल रात्री ते शिल्लक राहिलेले तुकडे शोधून बघितले. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये आगीच्या ज्वाळांत तीन आकृती येतात तोही प्रसंग बघितला. (हरिश्चंद्रचे जे भाग मिळतात ते १९१३ चे की १९१७ ला परत केलेल्या आवृत्तीचे यावर अभ्यासकांत वाद आहे, हे आपलं माझ्या स्वभावाप्रमाणे.) कंसाचं मुंडकं चार वेळा मागे नेऊन पाहिलं. मानेपाशी जोड शोधत होतो. मुलगा मागे येऊन उभा राहिला, म्हणाला बाबा हे कुठलं अॅप आहे.

'पहिला' म्हणायला अजूनही माझा विरोध आहे. बाकी मागे घेतो.

---

खवचट_खानदेशी (१४ एप्रिल, रात्री १०:०४)

तारीख लिहून ठेवा. पुराव्याने काहीतरी मागे घेतलं.

---

कॉलेजरोडची_कॉफी (१५ एप्रिल, सकाळी ११:००)

मूळ प्रश्नाचं उत्तर कोणी दिलंय का? धागालेखकाने विचारलं होतं कोणी केलंय का आणि काय फसतं. मी केलंय, भाचरांबरोबर, दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात. काय फसतं ते सविस्तर लिहिते, कारण सगळंच फसलं.

पहिलं म्हणजे पंखा. काड्या इतक्या हलक्या असतात की पंखा एक नंबरवर असला तरी सरकतात. पंखा बंद केला. नाशकात मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, पंखा बंद. दहा मिनिटांत भाच्याच्या नाकावरून घामाचा थेंब बरोब्बर काडीवर पडला, गूल विरघळून कागदावर तांबडा डाग. तो डाग पुढच्या सगळ्या फोटोंत आहे. शेवटी आम्ही कथेत घेतला, काड्यांना तो सूर्य वाटतो असं.

दुसरं म्हणजे उजेड. खिडकीचा उजेड वापरायचा नाही, ढग येतो जातो आणि फिल्म लुकलुकते. पडदे लावा आणि एकच टेबललॅम्प. मोबाईलचा एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा, नाहीतर प्रत्येक फोटोला तो स्वतःचं डोकं चालवतो. मोबाईल वरून खाली बघेल असा ठेवायचा, आम्ही दोन स्टुलांवर पोळपाट आडवा टाकला आणि त्याच्या कडेला मोबाईल चिकटपट्टीने. फोटो बटण दाबून काढू नका, इयरफोनच्या बटणाने काढा, बोट लागलं की सगळं हललंच म्हणून समजा.

तिसरं, काडीच्या खाली मुलांच्या त्या रंगीत क्लेचा मोहरीएवढा ठिपका लावा. चिकटते पण सरकते. हे मला शेवटच्या दिवशी सुचलं.

चौथं, भावंडं. एक काडी सरकवणार, एक फोटो काढणार, तिसऱ्याला काम दिलं नाही तर तो टेबलाला धक्का मारणार. मारलाच. १३७ व्या फोटोला. भाची रडली, मी रडायची बाकी होते. मग मोबाईलमधला शेवटचा फोटो बघून एकेक काडी जागेवर लावत बसलो, तरी एक उडी दिसतेच. एकूण २१४ फोटो झाले, सेकंदाला १२ ठेवले, अठरा सेकंदांपेक्षा जरा कमीच. चार दिवस.

आणि गूल आधी कापून टाका काड्यांचं, खवचट भाऊंची शंका रास्त आहे. पण मग त्या काड्या वाटत नाहीत, टूथपिक वाटतात. आम्ही गूल ठेवलं, पेट्या कपाटात कुलपात.

---

गंगापूररोडी (१५ एप्रिल, दुपारी १२:१०)

ताई, साष्टांग नमस्कार. याच्यासाठीच धागा काढला होता. पोळपाटाची आयडिया उचलतोय.

---

शेतकरी_दिंडोरी (१५ एप्रिल, रात्री ८:४५)

काड्यांबरोबर वाटाण्याची फिल्म पण करायचा कोणाचा विचार असेल तर आत्ता करू नका. वाटाणा थंडीचं पीक, एप्रिल-मेच्या उन्हात मान टाकतो. दिवाळीच्या सुमारास लावा. आत्ता करायचीच तर मटकी घ्या, ओल्या फडक्यावर, चोवीस-तीस तासांत मोड दिसतात, पोरांचा धीर तेवढाच असतो.

---

चिवडापुडा (१५ एप्रिल, रात्री ८:५०)

आणि फिल्म फसली तर मिसळ. बघा, मी आणली नाही, ती आपणहून आली.

---

गंगापूररोडी (३० एप्रिल, रात्री ११:४०)

रिपोर्ट देतो, थोडक्यात, कारण पाठ मोडलीये.

अकरा पोरं आली, सोसायटीच्या हॉलमध्ये, पंखे बंद. भाषण झालं नाही, अध्यक्ष जरा नाराज आहेत. आज्जीबाई आल्या (रिक्षाने, वेळेवर, खवचटांनी नोंद घ्यावी) आणि सरस्वतीबाईंबद्दल पाच मिनिटं बोलल्या, मग खुर्ची ओढून टेबलापाशीच बसल्या आणि दर फोटोला मोठ्याने आकडा म्हणायचं काम स्वतःकडे घेतलं. त्यामुळे कोणाची धक्का मारायची हिंमत झाली नाही. फ्रेमबायफ्रेम यांनी लॅपटॉप आणला होता. तीन तासांत ९६ फोटो, आठ सेकंद. काड्या पेटीतून बाहेर येतात, रांग लावतात, त्र्यंबकच्या देवळाचं शिखर करतात, आणि शेवटची काडी उशिरा येते, तिला जागाच उरलेली नसते, ती परत पेटीत जाते. हा शेवट सातवीतल्या एका मुलीने काढला, आम्हाला कोणालाच सुचला नव्हता.

हॉलच्या भिंतीवर लावली तेव्हा पोरांनी आठ सेकंदांची ती फिल्म किती वेळा बघितली ते मोजायचं राहिलं. शेवटी नामावली टाकलीये. अकराच्या अकरा नावं, स्पेलिंग आज्जीबाईंनी तपासलेलं.

---

सातपूरकर (३० एप्रिल, रात्री ११:५२)

भावाला पाठवली. तो नामावली थांबवून थांबवून वाचतोय.

---

पुरावा_कुठाय (१ मे, सकाळी ७:३०)

लिंक टाका.

---

गणिताचा_तास (२ मे, रात्री ९:०५)

आमच्याकडे मटकी चालू आहे. अर्ध्या तासाला एक फोटो, काल रात्री नऊपासून, रात्रीसुद्धा गजर लावून. मोड आलेत. ४१ व्या फोटोनंतर आईने फडकं धुवायला टाकलं.